खालाच्या कोंबड्यांचं खानदान

कोंबडी हातात आली की खाला आधी तिच्या छातीवर फुंकर मारायची, पिसं बाजूला सारून अंग बघायची आणि विचारायची, "खानदान कोणतं?" पातूरला आमच्या शेजारी राहणारी ही बाई सोयरीक जमवावी तशा कोंबड्या पारखायची.

तांबडी ऱ्होड आयलंड अमेरिकेची. "मोठ्या घरची हाय. अंडी देते अन् इसरून जाते, उबवाले खुडूक बसत नाही." काळी ऑस्ट्रेलॉर्प ऑस्ट्रेलियाची, अंगानं भरलेली, पण इतकी गरीब की घार आली तरी जागची हलत नसे. असील मात्र इथलीच. उंच, काटक, अंडी मोजकी; पण पिलांसाठी घारीच्या अंगावर जाणारी. म्हणून तांबडीची अंडी खाला असीलखाली उबवायची. "अंडं बी द्यावं, हंडीत बी जावं, अशी कोंबडी पायजे," असं तिचं म्हणणं.

कापसानं लागोपाठ दगा दिला, ती वर्षं तुम्हीही पाहिली असतील. खालाच्या मुलानं ब्रॉयलरचं शेड घालायचं ठरवलं. पिलं आणि खाद्य कंपनीचं. अट एकच: आवारात घरची कोंबडी नको, रोग येतो.

खालानं कंपनीच्या माणसाला विचारलं, "या पिलायची माय कोन?"

"माय कसली? मशीनमधली पिलं. दीड महिन्यात गाडीत."

"मंग वंश कोन चालवन?"

तो हसला. खाला हसली नाही.

शेड उभं राहिलं त्या दिवशी टोपल्यांत कोंबड्या घालून ती शेतातल्या झोपडीत राहायला गेली. मुलगा रोज डबा घेऊन जायचा. "अम्मी, घर चलो अब."

"पहले इनको बुला."

मी एकदा म्हणालो, "खाला, कोंबड्यांपायी घर सोडता?"

"कोंबड्यांपायी नाही बाबू. हे खानदान म्या कमावलं हाय. माह्या घरात माह्या कमाईले जागा नाही, तं मले काहून असन?"

दोन पावसाळे तिनं तिथंच काढले. पुढच्या हिवाळ्यात तिथंच गेली.

दफन झाल्यावर मुलगा शेतातून सगळ्या कोंबड्या घरी घेऊन आला. त्याच आठवड्यात कंपनीची गाडी नवी पिलं घेऊन आली. त्यानं ती फाटकातूनच परत लावली. "अम्मीच्या कोंबड्या घरी हायेत," एवढंच बोलला.

गल्लीनं त्याचं कौतुक केलं. मी केलं नाही. मला राग आला होता, आजही आहे. ती गाडी खाला असताना परत जायला हवी होती.