ज्याची शंभरी ठरलेली होती

नवी पेठेतल्या विलासदादाच्या दुकानाशेजारच्या शेठजींचा दुपारी फोन आला. "ताई, तुमचे भाऊ गेले." माझ्या तोंडून पटकन निघालं, "अण्णा?" ते म्हणाले, "न्हाय ताई... विलासभाऊ." थोरल्या भावाच्या, अण्णाच्या मरणाची तयारी मी कित्येक वर्षं मनात करून ठेवली होती. विलासदादा जाईल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आमच्या घरात हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अण्णा म्हणजे पेटता स्टोव्ह. मंगळवेढ्याला असताना आमटीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात जायचं. तोंडात तंबाखू, आवाज गल्लीभर. आई म्हणायची, "ह्याचा रागच ह्याला खाणार." आणि विलासदादा? सुपारीचं खांडसुद्धा नाही, सकाळचं फिरणं, वेळेवर भाकरी, आवाज कधी चढला नाही. सोलापुरात त्यानं चादरींचं दुकान घातलं. गिऱ्हाइकं अर्धं दुकान उलगडायला लावायची आणि काही न घेता उठायची. हा हसून "परत या" म्हणायचा आणि घड्या घालत बसायचा. असा शांत माणूस शंभरी गाठणार, असं डॉक्टरांपासून व्याह्यांपर्यंत सगळे म्हणत. आम्हीही म्हणत होतो. त्या शांतपणाच्या आत काय साठतंय, हे कुणी विचारलं नाही, आणि तो सांगणाऱ्यातला नव्हता.

काही वर्षांपूर्वी अण्णाच्या छातीत दुखायला लागलं. विलासदादा आणि मी त्याला दवाखान्यात नेलं. बाहेर ही गर्दी. अण्णानं नंबरबिंबर काही घेतला नाही. तपासणीच्या खोलीचं दार ढकललं, आतल्या पेशंटदेखत टेबलावर आडवा झाला आणि म्हणाला, "मी मरतोय हितं, आदी मला बगा." नर्स बाहेर काढायला आली तर तिच्यावर खेकसला. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याला बघितलं, लगेच बघितलं. थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. विलासदादा तेव्हा बाहेर रांगेतल्या एकेकाची हात जोडून माफी मागत होता...

यंदा लग्नसराईत तेच दुखणं विलासदादाला झालं. रक्त एकच, दुखणं एकच. दुकानात गर्दी, म्हणून तो पित्ताच्या गोळ्या घेत दिवस काढत राहिला. शेवटी सुमनवहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नंबर तसा लवकरचा होता. पण शेजारी एक म्हातारे गृहस्थ सारखे खोकत होते, त्यांना त्यानं आपल्याआधी आत पाठवलं. मग तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई आली, तिलाही. वहिनी आत जाऊन सांगायला उठली, तर त्यानं तिचा पदर धरला. "नको की. समदे थांबल्यात. मला लई न्हाय दुखत." शर्टाची पाठ घामानं चिंब झाली होती, असं वहिनी सांगते. त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. तिला वाटलं, डोळा लागलाय...

भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं तेच म्हटलं. किती पुण्यवान, जातानाही कुणाला त्रास दिला नाही. मी ऐकत होते आणि आतून जळत होते. याच कौतुकावर तर आम्ही त्याला वाढवला होता! तिसऱ्या दिवशी नात्यातले एक गृहस्थ "देवमाणूस" म्हणाले, तेव्हा खाली मान घालून बसलेली वहिनी पहिल्यांदा बोलली. "देव नव्हते. माणूस होते. त्यांना दुखत होतं."

भिंतीला टेकलेला अण्णा म्हणाला, "मला फोन करायचा की. मी दार फोडलं असतं." वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. "मी करणार होते. तेच नको म्हणाले. तुमी येऊन भांडाल म्हणून."

अण्णा ठणठणीत आहे. परवा नळाला पाणी आलं नाही म्हणून साऱ्या गल्लीसमोर पाणी सोडणाऱ्याशी भांडला. स्वभावाला औषध नसतं म्हणतात... एकाला स्वभावानंच वाचवलं, एकाला स्वभावानंच नेलं. दोघेही माझेच भाऊ. अण्णाचा आवाज ऐकून बरं वाटावं की राग यावा, मला ठरवता येत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीकडं राहिले. तिनं मला आतल्या खोलीतल्या पलंगावर झोपायला सांगितलं. तिथं विलासदादा एकटाच झोपायचा. कंबर धरल्यापासून वहिनी खालीच अंथरूण घालते. चादर बदलताना पाहिलं, तर गादी एका कडेलाच दबली होती, अगदी काठाला, अंग जेमतेम मावेल एवढी. उरलेली सगळी गादी फुगीर, नवी असल्यासारखी. मी वहिनीकडं पाहिलं. ती म्हणाली, "सवय होती त्यांना. कुणी आलं तर जागा असावी म्हणायचे." मग आम्ही दोघींनी मिळून चादर घातली. मी खाली, तिच्याशेजारीच झोपले.