चाळीसवर वाजलेली नळी

हुद्दा: प्रयोगशाळा सहायक, भौतिकशास्त्र. सेवा: एकतीस वर्षे. वर्तन: समाधानकारक. विशेष प्रावीण्य: निरंक. वैवाहिक स्थिती: विधुर (बदल नोंदवला). सदर कर्मचाऱ्याच्या उपकरण-नोंदवहीत आजतागायत एकही चुकीचे वाचन आढळलेले नाही.

आढळणार कसं? वाचन चुकलं की दुरुस्त करायचं, ही तिथली रीतच होती. काचेची उंच नळी, तिच्यात पाणी. तोंडाशी नादकाटा वाजवून धरायचा आणि पाणी हळूहळू खाली सोडायचं. सोळा सेंटिमीटरवर नळी घुमते, असं पुस्तक सांगतं. मुलांची कधी पंधरावर घुमे, कधी अठरावर.

"काका, चुकतंय."

"काही चुकत नाही. सोळा लिही."

मुलं त्यांना सोळाआणेकाका म्हणत.

निसर्गाचे नियम ते मोडत, पण घरी, जेवणाच्या टेबलावर. एका मासिकासाठी विज्ञानकथा लिहीत. एका कथेत एकच नियम बदलायचा, बाकीचे इमानेइतबारे पाळायचे, हा त्यांचा दंडक. एका कथेत गुरुत्वाकर्षण दिवसाआड सुट्टी घेई. दुसरीत प्रकाश पायी चाले, त्यामुळे पाहुणा दारात दिसेपर्यंत जेवून गेलेला असे. बायको स्वयंपाकघरातून विचारी, "तुमच्या त्या चाळीस हजार साली भाजीत मीठ कोण घालतं हो?"

काका मान वर न करता म्हणत, "हूं."

एका संध्याकाळी ती आतून काहीतरी म्हणाली. काका म्हणाले, "हूं." परिच्छेद संपवून आत गेले, तर ती ओट्याशी पडलेली. गेली होती.

त्यानंतर वर्षभर एकच कथा चालली होती. बदललेला नियम: आवाज विझत नाही. चाळीस हजार साली भिंती खरवडून जुने आवाज काढणारं एक शास्त्र असतं. त्यातली एक विदुषी पडक्या स्वयंपाकघरात येते, ओट्यामागची भिंत खरवडते, कान लावते. कथा इथे अडली ती अडलीच.

लेक आली, तिने कागद वाचले. "लिहा की काहीतरी, बाबा. गोष्टच तर आहे."

"काय म्हणाली ते ठाऊक नाही मला."

"कधी ठाऊक असायचं?" लेक म्हणाली. रागाने नाही, कप विसळता विसळता.

त्या दिवसापासून काका घरात भिंतींपासून जरा लांबून चालू लागले. नियम आपणच बदललाय आणि तोही कागदावर, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दुपारी ते उपकरणं तपासत होते. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. नादकाटा अजून डबीत होता. त्यांनी नुसतंच पाणी खाली सोडलं, आणि पातळी चाळीसवर येताच नळी घुमली.

चाळीसवर काय घुमतं हे एकतीस वर्षांच्या नोकरीने त्यांना शिकवलं होतं. साधारण एखाद्या बोलणाऱ्या बाईचा आवाज.

ते वाकले. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी. शेवटी स्वर किंचित वर गेला, प्रश्न विचारताना जातो तसा. मग थांबला. उत्तराची वाट पाहत असल्यासारखा.

"हूं," काका म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. नळी गप्प झाली. त्यांनी पाणी वर घेतलं, खाली सोडलं, पुन्हा वर घेतलं. "परत सांग," म्हणाले, "आता ऐकतोय." संध्याकाळपर्यंत नळीत फक्त पाणी होतं.

शिपाई दारात आला. "काका, वही द्या. साहेब सहीसाठी थांबलेत."

काकांनी पेन उघडलं. हात आपसूक चालला. 'अनुनाद नळी: १६.० सें.मी. उपकरण सुस्थितीत. शेरा: निरंक.' खाली सही, तारीख. शिपाई वही घेऊन गेला.

नळी चाळीसवर वाजली होती.