आबांची टाच

बसमधून उतरल्यावर पहिली काही पावलं आबांना कुणी हाक मारलेली चालायची नाही. दांडीला धरून उभं राहायचं, टाच हळूच टेकवायची, तोंड वाकडं करायचं आणि मगच चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटकडे निघायचं. "इंजन गरम होऊ दे लेका," म्हणायचे. थोडं चाललं की कळ ओसरायची. मग पूर्ण शिफ्ट सिमेंटच्या फरशीवर उभं.

कंपनी दरवर्षी नवे सेफ्टी बूट द्यायची. आबांचं खोकं न फोडताच बीडच्या एसटीत चढायचं, भावाला रानात घालायला. स्वतः आबा झिजलेल्या तळाचे जुनेच ओढायचे. आम्ही सगळे तेच करायचो, मग सांगणार कोण? कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बूट बदला, साखर तपासा. आबा जेवणाच्या सुट्टीत गार पाण्याच्या बाटलीवर तळवा घोळवत बसायचे, तेवढाच त्यांचा इलाज.

एके दिवशी बसमधून उतरून ते सरळ चालू लागले. "गेलं की रं दुखणं! बाटलीनं काम केलं." साऱ्या लाइनला चहा पाजला. पाय जरा बधिर वाटतो, कापसावर चालल्यागत, असंही म्हणाले, पण चहाच्या गडबडीत ते कुणी मनावर घेतलं नाही.

काही दिवसांनी बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. लोखंडाचा कीस झिजलेल्या तळातून अंगठ्याखाली रुतला होता आणि आबांना पत्ताच नव्हता. "दुकत न्हाई तर दवाखाना कशाला?" म्हणत हळद भरून कामावर येत राहिले. अंगठा काळा पडला तेव्हा मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वैतागले, "दुखायचं थांबलं तेव्हाच यायला हवं होतं. साखरेनं पायाची जाणीव गेलीय."

अर्धा पंजा काढावा लागला. बसून करायचं काम आमच्या लाइनवर नव्हतं. मोशीची खोली सोडून आबा गावी गेले. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते अजून कळत नाही.

हल्ली सकाळी अंथरुणातून उठताना माझीही टाच कळ मारते. परवा आबांचा फोन आला, तर सहज बोलून गेलो.

"दुकतंय न्हवं?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

"दुखतंय आबा, चांगलंच दुखतंय."

"बरं हाय. मग दुकतंय तवरच दवाखान्यात जा."

त्या दिवशी मी कंपनीची बस जाऊ दिली.