बुरशीच्या भाताला तीन थापा

आमच्या मावशीला घरात कुणी भात लावू देत नाही. तिचा भात म्हणजे शीत न् शीत खडखडीत! अकरा वर्षं ती बुरशीसाठीच भात लावते. समुद्रातल्या स्पंजांवरची बुरशी प्रयोगशाळेत आणायची, खाऱ्या पाण्यात वाफवलेल्या भातावर फ्लास्कमध्ये वाढवायची आणि तिच्यातून औषध निघतंय का ते बघायचं, हे तिथलं काम. भात मावशीचा, बाकी सगळं तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमचं.

दुसरी खोड म्हणजे जाता-येता डबे थोपटणं. साखरेचा, पिठाचा. "गुठळ्या होतात गं," म्हणत माझ्या पाठीतही एक.

मध्यंतरी एका बुरशीनं कमाल केली. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू तिच्या अर्कानं मेले. काचेच्या बशीतल्या जंतूंच्या थरात शर्टाच्या बटणाएवढं स्वच्छ वर्तुळ पडलं. नाकात बोलणाऱ्या मॅडम त्या दिवशी चक्क नाकात गायल्या म्हणे.

मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी ती कामावर गेली, तर मॅडमचं तोंड उतरलेलं.

"बारा फ्लास्क लावले, मावशी. तीच बुरशी, तोच तांदूळ. एकातही वर्तुळ नाही. शुक्रवारी सगळं टाकून देतेय."

मावशीनं फ्लास्क उजेडाला धरला. भाताचं एकच ढेकूळ, बुरशी नुसती वरवर. तिनं तो हळूच खाली ठेवला. भिंतीवर नियम होता: तीस दिवस फ्लास्कला हात लावू नये. आणि ती दर वेळी पाचव्या दिवशी, कुणी नसताना, प्रत्येक फ्लास्क तळहातावर तीनदा थोपटून भात मोकळा करायची.

घरी येऊन आईला म्हणाली, "ताई, सांगितलं तर अकरा वर्षांच्या प्रयोगाच्या वह्या खोट्या ठरतील. नोकरीही जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"बुरशी कचऱ्यात."

"मग मला काय विचारतेस? चप्पल घाल."

मावशीनं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला.

"अकरा वर्षं? प्रत्येक फ्लास्कला तीन?"

"लाडक्यांना चार."

नोकरी राहिली. पण जुन्या सगळ्या वह्यांत लाल शाईनं दुरुस्ती करायची, तीही मावशीनंच. अजून सातव्या वर्षावर आहे. नव्या फ्लास्कना पाचव्या दिवशी मॅडमनी स्वतः थापा दिल्या. मावशी शेजारी उभी. "अहो मॅडम, बाळ निजवताय का? जरा जोरात!"

महिन्याभरानं वर्तुळ पडलं. पण मसुरीच्या दाण्याएवढंच. मॅडम हरखल्या. मावशीनं मात्र बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला थापा मी देते."