प्लास्टिकचं पिस्तूल

अल्बानियातल्या आमच्या व्लोरात, आमच्याच जिन्याने वर गेलं की वितोरेचं घर. ती चपलांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. नवरा सोतीर बंदरात कामाला, आणि एकुलता एक मुलगा थानास.

नववर्षाला थानासचा मामा ग्रीसहून आला आणि भाच्याला प्लास्टिकचं पिस्तूल घेऊन आला. वितोरेनं ते सरळ चुलीत टाकलं. पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं.

"अगं, सगळीच पोरं खेळतात," सोतीर वैतागला. "याला काय, भातुकली आणून देऊ?"

"चौदाव्या वर्षी शाळेनं लष्करी कवायतीसाठी माझ्या हातात खरी रायफल दिली होती. तिच्या तेलाचा वास अजून नाकातून जात नाही. माझ्या घरात बंदूक नको. खोटीसुद्धा."

त्याच वर्षी, सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, फसव्या गुंतवणुकींत लोकांचे पैसे बुडाले आणि सरकार कोसळलं. लोकांनी शस्त्रांची कोठारं फोडली. पोरंसोरंही सरपण ओढावं तशा बंदुका ओढत घरी नेऊ लागली. सोतीरनंही एक आणली आणि कपाटावर ठेवली.

"घरात पोर आहे, सोतीर!"

"आणि कुणी दार फोडून आत घुसलं, तर काय तुझं लाटणं घेऊन उभा राहू? त्याचा हात पोचत नाही तिथवर."

एका दुपारी वितोरे आणि मी पावाच्या रांगेत होतो. गावभर गोळ्यांचे आवाज चालूच होते, त्यामुळे आमच्या घराच्या बाजूनं एक आवाज आला तरी आम्ही मान वळवली नाही. परतलो तर जिन्यात माणसं जमलेली. थानासनं खुर्चीवर स्टूल चढवलं होतं.

पोराला पुरून आल्यावर सोतीर माझ्यादेखत म्हणाला, "ते प्लास्टिकचं राहू दिलं असतंस, तर त्याची हौस तिथंच फिटली असती."

"आणि तू ती आणलीच नसतीस तर?"

मग दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं. एवढी वर्षं झाली, चूक कुणाची हे मलाही ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी परगावाहून नुकत्याच राहायला आलेल्या माझ्या सुनेनं, तिला काहीच माहीत नव्हतं, वितोरेला विचारलं, "मावशी, पोरगा खेळण्यातल्या बंदुकीसाठी हटून बसलाय. घेऊ का हो?"

वितोरे कपडे वाळत घालत होती. हातातला सदरा तिनं पुन्हा पुन्हा झटकला.

"घे, नाहीतर नको घेऊस," ती म्हणाली. "काही फरक पडत नाही, बाई."

सुनेला वाटलं, म्हातारी तुसडी आहे.