कोपरा कापलेलं आंतरदेशीय

माझा स्वभाव संशयी आहे. आजही दादाने फोनवर ‘सगळं ठीक’ म्हटलं, की मी मागून वहिनीला विचारून खात्री करते. हे बाबांकडून आलंय. ते नोटांच्या छापखान्यात कागद तपासायचे. दिवसभर कागदांच्या कडा बघायच्या आणि पाळी संपली की गेटवर स्वतःची झडती द्यायची. अशा माणसाच्या घरात कोणाच्या शब्दावर पटकन विश्वास कसा बसणार?

कारगिलच्या लढाईत दादा वर होता. वर म्हणजे नेमका कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं. त्याची पत्रं लष्कराकडून तपासून यायची, आणि पत्ता म्हणजे नुसता एक आकडा. ‘जय भीम. मी मजेत आहे. जेवण चांगलं मिळतं. काळजी करू नये.’ वाचून मला रागच यायचा. बर्फात, तोफांखाली कोण मजेत असतं? दोन पत्रांत तर ओळीच्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या होत्या. मी त्या उजेडाला धरून बघायचे, पण हाती काही लागायचं नाही.

एका दुपारी पोस्टमनने आंतरदेशीय पत्र हातात दिलं आणि न थांबता निघून गेला. पत्राचा वरचा कोपरा नव्हता.

आमच्याकडे मयताची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडतात, म्हणजे घेणाऱ्याला उघडायच्या आधीच कळतं. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. आई मेथी निवडत होती. तिने कोपरा पाहिला. “आत आणू नको ते,” एवढंच बोलली आणि उंबऱ्यावर बसली. रडली नाही, काही नाही. शेजारच्या मावशीने मात्र गळा काढला, “पोरगं गेलं गं बाई!” पाच मिनिटांत ओटा बायकांनी भरला.

मी पत्ता बघत उभी होते. अक्षर दादाचंच होतं. गेलेला माणूस स्वतःच्या हाताने पत्ता कसा लिहील? पण त्याने लिहून ठेवलेलं पत्र नंतर दुसऱ्याच कोणी टाकलं असेल तर? हा संशय पहिल्यापेक्षा वाईट होता. उघडायची हिंमतच होईना.

तेवढ्यात बाबा पहिल्या पाळीहून आले. त्यांनी पत्र घेतलं, चष्मा पुसला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

“हे फाडलेलं नाही. पट्टी धरून ब्लेडने कापलंय. दुःखात कोणी पट्टी घेऊन बसतं का?”

त्यांनी तिथेच पत्र उघडलं. आत ठिकाण आणि तारीख लिहितात तेवढाच तुकडा गायब होता. तपासणाऱ्याने शाई फासायच्या ऐवजी तो कापूनच टाकला होता. मजकूर नेहमीचाच, मजेत आहे, काळजी करू नये. “मेल्यांना काय अक्कल हाय का नाय!” म्हणत मावशी डोळे पुसत घरी गेली. आईने सगळ्यांना चहा केला.

मला मात्र तारखेशिवायचं ते ‘मजेत’ पटेना. बाबाही पत्र खाली ठेवेनात. बायका गेल्यावर हळूच म्हणाले, “पाच वर्षं नोकरी झाली त्याची. ठिकाण लिहायचं नसतं, हे त्याला ठाऊक नाही? आजवर एकदाही लिहिलं नाही. मग याच पत्रात का लिहिलं?”

आईला यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

दिवाळीत दादा सुटीवर आला, हातीपायी धड. आई पोळ्या लाटत होती. तो समोर बसलेला असताना आता लपवायचं काय, म्हणून मी तिच्यादेखतच त्याला सरळ विचारलं, कोपऱ्यात काय लिहिलं होतंस? त्याने हसण्यावारी न्यायला बघितलं, पण मी पिच्छा सोडला नाही.

“दुसऱ्या दिवशी वर चढायचं होतं,” तो ताटात बघत म्हणाला. “वाटलं, परत नाही आलो तर आईला निदान जागा तरी कळावी. कापतील हे माहीत होतं गं. तरी लिहिलं.”

आईने लाटणं ठेवलं, उठली आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“आता सांग. काय नाव त्या जागेचं?”

त्याने सांगितलं. आईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. तिला ते नीट म्हणता येईना. मग ती रडली. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.