होइटने बुडवलेली झाडं

युलीन स्टॅम्प्सला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. सत्तावीस वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवल्या, आणि तो बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी आपटली. पण त्या हिवाळ्यात नवऱ्याला, होइटला, अर्धांगवायूचा झटका आला आणि दोघंही घरात अडकली. त्याचा उजवा हात गेला, वाचा गेली. उरला एकच शब्द, "नाही". भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही.

मार्चमध्ये तळ्यातले क्रॅपी मासे अंडी घालायला काठाकडे सरकू लागले, तसा होइट खिडकीशी बसून डाव्या हाताने मांडी थोपटायला लागला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत थपथप. चौथ्या दिवशी युलीनने त्याला मासे धरायला न्यायचं ठरवून उठवलं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" नणंद मर्लीन दारात आडवी आली. "होडीतून कलंडला म्हणजे?"

"कलंडला तर तुलाच आधी हाक मारीन. तो बूट दे इकडे."

तळ्यात कुठेतरी होइटने वर्षानुवर्षं देवदाराची झाडं सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून बुडवली होती. त्या फांद्यांत मासे दाटीने राहत. जागा त्याने कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. युलीनला एवढंच ठाऊक होतं, की तो पाण्यातल्या सायप्रस झाडांच्या खुंटांकडे जायचा. होइटला होडीत बसवून ती वल्हवत तिथेच गेली.

तिने नखाएवढं वजन आणि गुलाबी शेपटीचं रबरी आमिष गळाच्या दोरीला लावलं, खुंटांच्या मधे सरळ खाली सोडलं. अडकलं. ओढलं, तुटलं. दुसरं लावलं, तेही गेलं.

"नाही," होइट म्हणाला आणि होडीच्या कडेवर हात आपटू लागला.

ती पुढे सरकली. "नाही." डावीकडे गेली. "नाही, नाही." आठ आमिषं फांद्यांनी गिळली.

"मग कुठे रे? तुझ्या मनात काय आहे ते मला कसं कळणार!" ती ओरडली, वल्हं टाकून मटकन बसली आणि रडायला लागली.

वाऱ्याने होडी आपोआप वाहू लागली. रडता रडता तिच्या लक्षात आलं, होइटच्या हाताचा ठेका बदलतोय. खुंटांजवळ गेलं की मंद, उघड्या पाण्याच्या कडेला आलं की जलद. इतका वेळ ती त्याचा शब्द ऐकत होती, हात नव्हे. तिने डोळे पुसले, वल्हं उचललं आणि त्या ठेक्यामागे होडी नेली. एका जागी तो हात थांबला.

आमिष खाली गेलं. झटका बसला नाही, दोरी फक्त सैल पडली. मासा ते घेऊन वर येत होता. तिने गळाची काठी होइटच्या डाव्या हातात कोंबली. "हळू हं. ओठ कागदासारखा असतो त्याचा."

पहिल्याचा ओठ फाटला आणि तो सुटला. दुसरा वर आला, काळ्या ठिपक्यांचा, ताटलीएवढा. होइटच्या गालावरून पाणी ओघळलं. युलीनने दुसरीकडे बघितलं आणि नवं आमिष लावलं.

बादलीत अकरा मासे झाले तेव्हा दुरून मोटरबोटीचा आवाज आला. गावातला रॉस्को पेटस होता. जागा त्याला कळू नये म्हणून युलीनने बादलीवर कोट टाकला आणि घाईघाईने होडी खुंटांत नेऊन अडकवली.

"काय युलीन, लागलं का काही?"

"फांद्या! आठ आमिषं खाल्ली मेल्यांनी."

तो हसत पुढे गेला. तो वळणाआड होताच होइटचा हात पुन्हा होडीच्या कडेवर थपथपू लागला आणि युलीनने वल्हं उचललं.